वाढत्या अंगाचा जनरेटर

आमच्या घरात कपडे नेहमी वाढत्या अंगाचे घेतले गेले. मुलीचा शाळेचा पिनाफोर पहिल्या वर्षी पोटऱ्यांवर लोंबायचा, तिसऱ्या वर्षी कुठे गुडघ्याशी यायचा आणि तोवर त्याचा रंग उडालेला असायचा. बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. त्यामुळे नवऱ्याने माझ्या एका मशीनच्या कारखान्यासाठी साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर बघून ठेवला तेव्हा मी एवढंच विचारलं, "अहो, फार मोठा नाही का होणार?"

"अगं, वाढत्या अंगाचा घेऊ," ते म्हणाले. "उद्या दुसरं मशीन येईल, तिसरं येईल. दर वेळी काय नवा जनरेटर घ्यायचा?"

पुढची चार वर्षं मी मनातल्या मनात त्या वाक्याशी भांडत होते.

कारखाना म्हणजे आमच्या घराचा तळमजला. ठाण्याच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं खरेदी खात्यात होते. ते खातंच कंपनीने गुजरातला हलवलं आणि आम्हाला पैसे देऊन मोकळं केलं. नवऱ्याची नोकरी चालू होती, मुलीचं लग्न होऊन ती माजिवड्याला राहायला गेली होती. मला घरी बसून भाज्या निवडायच्या नव्हत्या. आम्ही पूर्वेचा दोन खोल्यांचा ब्लॉक विकला आणि पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, जुन्या कोळीवाड्याच्या टोकाशी एक घर घेतलं. वर राहायचं, खाली मशीन. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबायचे की बरणीचं झाकण तयार. मसालेवाले आणि लोणचीवाले ती झाकणं घेऊन जायचे. गल्लीतलीच एक बाई मदतीला यायची आणि दुपारी चारला घरी जायची.

मशीन चालू असताना वीज गेली की तापलेल्या नळीतलं प्लास्टिक करपतं, मग थिजतं. ते खरवडून काढण्यात अर्धा दिवस जातो. आणि आमच्याकडे वीज जायचीच. शुक्रवारी देखभाल दुरुस्ती म्हणून जायची, ते निदान आधी कळायचं. बाकीच्या दिवशी खाडीच्या खारट मातीत पुरलेली केबल कुठेतरी कुजायची, चार माणसं खड्डा खणून त्यात बघत उभी राहायची, आणि वीज संध्याकाळी यायची. जनरेटर हवाच होता, याबद्दल माझं नवऱ्याशी कधी भांडण नव्हतं.

वायरमनने सांगितलं होतं की मोटर सुरू होताना तिप्पट ओढते, तेव्हा पंचवीस-तीसचा घ्या. नवऱ्याने तीस ऐकलं, घरच्या रिवाजाप्रमाणे दुप्पट केलं आणि कल्याणच्या एका लग्नाच्या हॉलचा जुना जनरेटर ठरवून टाकला. हॉलचे सगळे एसी त्यावर चालायचे म्हणे. तो क्रेनने आला. फाटकातून मागच्या अंगणात जाईना म्हणून अंगणाची भिंत फोडली, त्याला आत ठेवला आणि भिंत पुन्हा बांधली. कधी बाहेर काढायचा झाला तर हीच भिंत परत फोडावी लागेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग माझं आयुष्य लिटरमध्ये मोजलं जायला लागलं. हॉलमध्ये सगळे एसी चालू असताना तो तासाला बारा-तेरा लिटर डिझेल प्यायचा. माझ्या एका मशीनला हॉलच्या चौथाईहूनही कमी वीज लागायची, तेव्हा तो तीन लिटर पिईल असा माझा भाबडा हिशेब होता. तो पाच प्यायचा. मशीन बंद करून नुसता चालू ठेवला तरी अडीच-तीन. एवढं मोठं धूड फिरवायलाच तेवढं लागतं, हे आम्हाला नंतर समजावून सांगण्यात आलं. टाकीत बुडवून बघायला मी एक बांबूची काठी केली होती, तिच्यावर खुणा केल्या होत्या. मला वेळ घड्याळात दिसेनासा झाला. मुलीचा फोन आला आणि वीज गेलेली असली की मी म्हणायचे, हिच्याशी बोलण्यात दोन लिटर गेलं. भाताला दोन लिटर, आंघोळीला एक. नवरा हसायचा. त्याला हसायला काय जातंय, तो सकाळी आठ सदतीसच्या लोकलने ठाण्याला जायचा आणि रात्री परत यायचा.

डिझेल आणणं हे एक वेगळंच काम. पंपावर कॅन पुढे केला की पोरगा मालकाकडे बघायचा, मालक माझ्याकडे. मी कागद दाखवायची, ओळख सांगायची, मग पस्तीस लिटरचा कॅन भरून मिळायचा. रिक्षावाले वासाने नाक मुरडून पुढे निघून जायचे. शेवटी एक टेम्पोवाला कायमचा लावला. त्यात तेल बदलणं, फिल्टर, बॅटरी हे सगळं वेगळं. जनरेटरच्या एका युनिटला महावितरणच्या तिप्पट-चौपट खर्च यायचा, आणि वीज गेलेल्या दिवशी मी झाकणं विकत नव्हते, डिझेलच झाकणाच्या आकारात वाटत होते.

वर्षभरात त्याच्या सायलेन्सरमधून काळं, चिकट पाणी ठिबकायला लागलं. अंगणातली तुळस काळी पडली. शीळफाट्याहून मिस्त्री आला, त्याने बोट लावून वास घेतला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, याला लोड नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काम नाही. एवढ्याशा लोडवर इंजिन तापतच नाही. तापलं नाही तर डिझेल पुरतं जळत नाही. कच्चंच बाहेर पडतंय बघा. असाच चालवलात ना, दोन वर्षांत इंजिन खोलायला लागेल. लोड द्या त्याला."

"कुठून देऊ?"

"ते तुम्ही बघा. हीटर लावा, शेजाऱ्यांना द्या. पण द्या."

हीटर लावून वीज फुकट जाळायची हे माझ्या बुद्धीला झेपेना. म्हणून मी शेजारी लोड मागायला निघाले.

शेजारचं घर एका कोळी जोडप्याचं. म्हाताऱ्याला सगळी गल्ली नाखवा म्हणायची. त्याची एके काळी होडी होती. त्याची बायको बाजारात मासळी विकायची, तिला मी मावशी म्हणायची. मुलगा उरणला नोकरीला, पंधरा दिवसांनी येणार. मावशी ओट्यावर सुकट निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, मला जरा लोड पाहिजे होता तुमच्याकडून."

तिने माझ्याकडे बघितलं, मग घरात बघितलं. "लोड नाय गो ताय आमचेकडं. गाद्या हायेत दोन. पावनं आल्यान काय?"

लोड म्हणजे टेकायचा लोड नाही, हे समजावताना मला हसू आवरेना आणि तिलाही. मग मी नीट सांगितलं. आमचा जनरेटर मोठा आहे, त्याला काम कमी पडतं, काम नसलं की तो बिघडतो. तुमचा मासळीचा फ्रीजर, पंखे, दिवे त्यावर लावा. पैसे नकोत. उलट तुमचेच आमच्यावर उपकार. हे शेवटचं वाक्य मी अगदी मनापासून, पण आपण जसं बोलून जातो तसंच बोलून गेले.

मावशीने विचार केला. "तुमचा बिघरतंय तर लावा. शेजाऱ्याला नाय कसा म्हनायचा?"

पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही मी हेच सांगितलं. वायरमनने गल्लीवरून केबल ओढली. हे नियमात बसतं का, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. गिरणी, फ्रीजर आणि माझं मशीन मिळून जनरेटर निम्म्याच्या आसपास आला. तो तापला, धूर विरळ झाला, काळं पाणी थांबलं. मिस्त्री खूश झाला. डिझेल मात्र तासाला सात-आठ लिटर जायला लागलं. गिरणीवाला आपला वाटा द्यायचा. मावशीकडून मी घेत नसे, ती कधीमधी बोंबील पाठवायची. काही महिने मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वीज गेली की लाइन जनरेटरवर घेणाऱ्या माझ्या एका हँडलवर तीन घरं चालतात, या विचाराने मी जरा ताठ चालायला लागले होते हे कबूल करते.

पुढच्या वर्षी नाखवाच्या फुफ्फुसांनी दगा दिला. तो दवाखान्यातून परत आला तो नाकात नळी घेऊन. मुलाने ऑक्सिजनचं मशीन घरी आणून ठेवलं, खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं, विजेवर चालणारं. दिवसाचे पंधरा-सोळा तास ते लावायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं मला गल्लीतून उडत उडत कळलं, पण ते मशीन कुठल्या बोर्डाला लावलंय हा प्रश्न मला पडला नाही.

तो प्रश्न एका दुपारी पडला. त्या दिवशी माझ्याकडे काम नव्हतं. वीज गेली. मी म्हटलं, आज जनरेटर नको, निदान एक दिवस कानांना सुटी. जिन्यात बसून मी चहा पीत होते. दहा मिनिटांनी मावशी आमच्या फाटकात येऊन उभी राहिली. काही बोलेना. पदराला हात पुसत नुसती उभी. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला नाखवाचं मशीन आठवलं. कप तसाच टाकून मी धावले, हँडल फिरवलं, चावी मारली. अंगण थरथरलं. मागे वळून बघितलं तर मावशी निघून गेली होती. जाऊन पाहिलं तर खरंच, ऑक्सिजनच्या मशीनची वायर आमच्या केबलच्या बोर्डात होती. नाखवा पलंगावर उशीला टेकून बसला होता. त्याने हात वर केला, मी नमस्कार समजले.

त्या दिवसापासून मी अडकले.

आमचा जनरेटर आपोआप सुरू होणारा नव्हता. ती सोय वेगळी विकत घ्यावी लागते आणि हॉलवाल्याने ती काढून ठेवली होती. वीज गेली की कुणीतरी जाऊन हँडल फिरवायला हवं, डिझेल बघायला हवं, बॅटरी कुरकुरली तर दोनदा चावी मारायला हवी. ते कुणीतरी म्हणजे मी. मी ठाण्याला जाणं सोडलं. भाचीच्या साखरपुड्याला गेले नाही. बाजारात गेले तरी कान घराकडे. एकदा कल्याणला दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत पडले असताना तिथले दिवे गेले आणि मी तोंडातला कापूस काढून उठून बसले. डॉक्टरांनी मला समजावलं की कल्याणची वीज वेगळी, डोंबिवलीची वेगळी. मला ते माहीत होतं. तरी मी दात तसाच ठेवून घरी आले.

"लोड नको घेऊस गं एवढा," नवरा म्हणायचा. टेन्शनला हल्ली सगळेच लोड म्हणतात, टीव्हीतले, रिक्षातले, पोरंसोरं. मी एकदा ओरडले, "मग काय, कुणाला देऊ लोड? तुम्ही घ्या ना! आठ सदतीस चुकवा एक दिवस!" ते जाताना डबा विसरून गेले. मला वाईट वाटलं, पण मी मागून हाकही मारली नाही.

त्याच सुमाराला मुलीचा फोन आला की दिवस गेलेत.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. यात चर्चा नसते. माझं माझ्या आईने केलं, आईचं तिच्या आईने. सातव्यात मुलगी घरी आणायची, सव्वा महिना तिला आणि बाळाला अंगाखांद्यावर ठेवायचं, शेक-शेगडी, तेल, डिंक, हळीव, सगळं. मी त्या एका गोष्टीची वाट कधीपासून बघत होते, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. मी वरची खोली रंगवायला काढली. नवीन बाजलं सांगितलं. जुन्या मऊ साड्यांची लंगोटं फाडून ठेवली.

चौथ्या महिन्यात मुलगी आणि जावई दोन दिवस राहायला आले. शुक्रवार होता. सकाळी नऊला वीज गेली ती पाचला आली. जनरेटर आठ तास चालला, बरोबर तिच्या खिडकीखाली. ती उशी कानावर दाबून पडली, दुपारी तिला उलट्या झाल्या. खोलीत डिझेलचा वास भरला होता. मला तो येत नव्हता, नाक कधीच मेलं होतं. पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाल्या की अशा घरात बाळंतीण आणि तान्हं बाळ ठेवायचं नाही. मुलीने मला फोनवर फार जपून सांगितलं.

म्हणजे एक तर जनरेटर जायला हवा, किंवा मुलगी यायची नाही. एवढं सरळ होतं. आणि जनरेटर गेला तर नाखवाचं काय?

नवऱ्याने गिऱ्हाईक शोधलं. शीळफाट्याला एकजण नवीन हॉल बांधत होता. तो येऊन बघून गेला, तास किती झालेत ते मीटरवर वाचून गेला, कधी उचलू विचारून गेला. मी म्हटलं, कळवते. मग रोज ठरवायची की आज मावशीला सांगायचं. फाटकापर्यंत जायची. एकदा ती म्हणाली, "बस गो ताय, कोलंबी आन्लीय," आणि मी वाटीभर कोलंबी घेऊन परत आले. एकदा नाखवाला खोकल्याची उबळ आली होती, तेव्हा कसं बोलायचं? एकदा तर मी "मावशी, जनरेटरचं जरा बोलायचं होतं" इथपर्यंत गेले. ती चटकन म्हणाली, "नाय नाय, चांगला चालतंय, कायएक तरास नाय," आणि घाईघाईने आत गेली. मला वाटलं, तिला कळलंय आणि ती मला बोलू देत नाहीये. बाई किती हुशार, असं म्हणून मी मनात तिचा राग राग केला.

मधल्या काळात झाकणांचं काम बसलं. मसालेवाल्याने मोठ्या कारखान्याला ऑर्डर दिली, लोणचीवाल्याने काचेच्या बरण्या घेतल्या. मी मदतनीस बाईला दुसरीकडे काम बघून दिलं, मशीन पुसून त्यावर चादर घातली. पिठाची गिरणीही बंद पडली. लोक हल्ली पिशवीतलं पीठ आणतात. उरला एक फ्रीजर, दोन पंखे आणि एका म्हाताऱ्याचा श्वास. त्यासाठी लग्नाच्या हॉलचा जनरेटर तासाला तीन लिटर डिझेल पीत होता आणि लोड नसल्यामुळे पुन्हा काळं ठिबकत होता. कारखाना नाही, झाकण नाही, तरी मी काठी बुडवतेय, कॅन ओततेय. त्या दिवसांत एकदा कॅन उचलताना माझ्या मनात आलं की हा म्हातारा अजून किती दिवस काढणार आहे. मुलीच्या सातव्याच्या आत झालं तर. हा विचार मी केला, दुसऱ्या कुणी नाही. कॅन खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. मला माझीच किळस आली. त्या दिवशी मी नाखवासाठी मऊ भात आणि वरण करून नेलं, आणि त्याने "कशाला गो" म्हटलं तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

सातवा लागला. सातवा संपत आला. मुलीचा फोन आला.

"आई, ऐक ना. मी काय म्हणते, मी इथेच राहते. इकडच्या मम्मींशी बोललेय मी, त्या करतील सगळं. तू आता लोड नको घेऊस."

"अगं, पण मी विकतेय तो. गिऱ्हाईक आहे."

"हो, पण त्या आजोबांचं काय? तूच म्हणतेस ना. मला नाही चालणार आई, माझ्यामुळे कुणाचं काही झालं तर. आणि तू उगाच तिकडे कुढत बसशील. खरंच, आय ॲम ओके."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि सरळ शेजारी गेले. या खेपेला फाटकात थांबले नाही. डोक्यात राख घातलेल्या बाईसारखी आत घुसले आणि मावशीला म्हणाले, "मावशी, मला माफ करा. मला तो जनरेटर विकायचाय. माझ्या मुलीचं बाळंतपण आहे. नाखवांसाठी मी दुसरी काय ती सोय करते, बॅटरी घेते, सिलेंडर घेते, माझ्या पैशाने घेते. पण मला आता नाही होत."

बोलता बोलता मी रडायला लागले. मावशीने पलंगावरच्या नाखवाकडे बघितलं.

"ईकायचाय?" ती म्हणाली. "मग बिघरनार नाय ना तो?"

"काय?"

"तुमी बोल्लाव ना, लोड नसला तं बिघरतंय. म्हनून तं आमी ठेवलाय."

तिने पलंगाखालून एक खोका ओढला. इन्व्हर्टर. शेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन मोठ्या बॅटऱ्या. कोपऱ्यात चादरीमागे ऑक्सिजनचा उंच सिलेंडर, तो मी इतके दिवस कपाट समजत होते. मुलाने हे सगळं नाखवा घरी आला त्याच आठवड्यात आणून ठेवलं होतं. आठ तास आरामात निघतील, असं दुकानदाराने लिहून दिलं होतं. खोका फोडलासुद्धा नव्हता.

"पोरगा दर खेपेला बोंबलतंय, आये, लाव म्हनून," मावशी म्हणाली. "मी बोल्ले, नको. ताय लोड मागाला आल्ती आपल्या दारान. आता मधीच कारून घेतला तं तिचा नुकसान व्हईल. गिरनीवाला पन गेला. आमी पन सोरला तं कसा?"

मग ती मला फ्रीजरकडे घेऊन गेली. नाखवा आजारी पडल्यापासून तिने बाजारात बसणं सोडलं होतं, मासळी काही राहिली नव्हती. फ्रीजर उघडला तर आत पाण्याच्या बाटल्या, ओळीने, गच्च गोठलेल्या. नुसता रिकामा कसा चालवायचा, म्हणून तिने भरून ठेवल्या होत्या. माझ्या जनरेटरला काम हवं म्हणून.

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं. "तुम्ही फाटकात येऊन उभ्या राहिलात तेव्हा?"

"तवा मी सांगाला आल्ती, यांना सिलेंडर लावलाय, तुमी आज बंदच ठेवा, तुमाला बी आराम. तं तुमी अशा पलालाव! मना बोलाला गावलाच नाय."

नाखवा इतका वेळ ऐकत होता. त्याने नळी जरा बाजूला केली. "ताय," तो म्हणाला, दम घेत, "तुमचा मशीन चालू झाला ना, का मना डोला लागत नाय. छातीन धडधडतंय." आणि हसला. "पन बोल्लो, शेजार हाय."

मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या दोघांचा राग आला असता तर बरं झालं असतं. दीड वर्ष ते माझ्यासाठी झोपमोड सोसत होते आणि मी त्यांच्यासाठी तुरुंगात बसले होते, आणि मधे एक भिंतसुद्धा धड नव्हती. नुसता ओटा होता, ज्यावर बसून आम्ही रोज हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या. मी हसायला लागले. मावशीला वाटलं पुन्हा रडतेय, तिने पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या मुलाने सुटी काढून इन्व्हर्टर जोडला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक क्रेन घेऊन आलं. अंगणाची भिंत फोडली. जनरेटर क्रेनला लटकून गल्लीतून पाठमोरा गेला, पोरं आरडाओरडा करत मागे धावली. त्याच्या जागी तेलाचा काळा चौकोन राहिला, तो मी सोडा टाकून दोनदा घासला. वरच्या खोलीतले पडदे धुतले, गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या, भिंतींना पुन्हा एक हात चुन्याचा दिला. नवरा म्हणाला, आता तरी बस. मी बसले नाही. शुक्रवार आला, नऊला वीज गेली. मी सवयीने उठले आणि जिन्यात थांबले. एवढी शांतता होती की खाडीतल्या बोटीचं इंजिन ऐकू येत होतं. शेजारून नाखवाचं मशीन बारीक गुणगुणत होतं, मावशीचं भांड्यांशी काहीतरी चाललं होतं. मला इतकं मोकळं वाटलं की मी तिथूनच मुलीला फोन लावला.

सगळं सांगितलं. खोका, बाटल्या, सिलेंडर. ती पोट धरून हसली. "काय गं तुम्ही लोक!" म्हणाली.

"मग कधी येतेस?" मी म्हटलं. "रविवारी यांना पाठवू का न्यायला? खोली तयार आहे. वासबीस काही नाही, मी मावशीला हुंगायला लावलं."

तिच्या मागे कुणीतरी बोलत होतं, भिंतीत ड्रिल मारल्याचा आवाज येत होता.

"आई, आता नको गं," ती म्हणाली. "आठवा लागला. इथे सगळं बसलंय आता. नाव घातलंय इथल्याच हॉस्पिटलात. मालिशवाली बाई ठरलीय, मम्मींनी खोलीत नवीन पडदे लावून घेतले, आत्ता पाळण्याचा हुक बसवतायत. त्या एवढ्या खूश आहेत, आता मधेच नाही कसं म्हणू?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तू ये ना पण. आता तर तुला येता येईल. चार दिवस ये, पाहुणी म्हणून. मस्त आराम कर."

"येते की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चांगला वाटला. "येताना काय आणू?"

"काही नको गं," ती म्हणाली. "इथे सगळं आहे."